‘तीन काळ पाठ करा, इटालियन क्रियापदं आली’ हा सल्ला का टिकत नाही

इटालियन शिकायला घेतलेल्या मराठी मुलामुलींमध्ये एक सल्ला सध्या जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा: मूळ क्रियापद आरे, एरे किंवा इरेने संपतं, त्या तीन गटांचे प्रत्यय पाठ करा. वर्तमान, पास्सातो प्रोस्सिमो (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ) आणि भविष्य एवढे काळ पुरेत. भूतकाळात साहाय्यक म्हणून सरसकट ‘आवेरे’ (जवळ असणं) लावा. इम्पेर्फेत्तो (‘यायचो, येत होतो’चा भूतकाळ) नाही जमला तरी अडत नाही, पास्सातो रेमोतो (दूरचा भूतकाळ) मेलेला आहे आणि कोंजुन्तीवो (‘यावं’सारखी इच्छेची, शंकेची रूपं) तर इटालियन लोक स्वतःच बोलत नाहीत.

हा सल्ला गोड का वाटतो ते समजतं. व्याकरणाच्या पुस्तकातला तक्ता उघडला की सात अर्थ (म्हणजे आज्ञा, इच्छा, अट असे क्रियापदाच्या रूपांचे प्रकार) आणि त्यांच्या काळांचे एकूण 21 खण दिसतात, आणि धडकी भरते. पण त्या 21 पैकी 9 खण संयुक्त आहेत. ‘आवेरे’ किंवा ‘एस्सेरे’ (असणं) यांचं रूप आणि पुढे भूतकालवाचक धातुसाधित (‘गेलेला, खाल्लेलं’सारखं रूप), एवढंच त्यांत असतं. शाळेत आपण आख्याताचे चार अर्थ शिकलो आहोत: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इटालियनमध्ये पुरुषाप्रमाणे चालणारे अर्थही चारच: इंदिकातीवो, इम्पेरातीवो, कोंजुन्तीवो, कोंदित्सियोनाले. जोड्या तंतोतंत जुळत नाहीत, पण मराठी माणूस इथे कोऱ्या पाटीने येत नाही. हा सल्ला नेमकी तीच शिदोरी टाकून द्यायला सांगतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘तीन गटांचे प्रत्यय पाठ केले की झालं.’

इरे गटातच दोन उपगट आहेत. दोर्मीरेचं दोर्मो होतं, पण कापीरेचं कापिस्को. कापिस्को, कापिशी, कापिशे, कापियामो, कापीते, कापिस्कोनो: मधला ‘इस्क’ फक्त चार रूपांत येतो, ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत नाही. ठोकताळा असा की इरेच्या आधी दोन व्यंजनं असली (दोर्मीरे, पार्तीरे, सेन्तीरे) तर बहुधा ‘इस्क’ नाही, आणि एकच असलं (कापीरे, फिनीरे, पुलीरे) तर बहुधा आहे. कोंदीरे, फाल्लीरे असे अपवाद सापडतातच, म्हणून क्रियापद पाठ करताना ‘मी’चं रूप सोबतच लिहून ठेवावं.

आरे गट सोपा, पण लिहिताना फसवतो. चेर्कारेचं ‘तू’चं रूप चेर्की. हा ‘क’ टिकवायला मध्ये एच हे अक्षर घालावं लागतं, नाहीतर वाचणारा ‘चेर्ची’ वाचतो. भविष्यात याच गटातला ‘आ’ बदलून ‘ए’ होतो: पार्लारे, पण पार्लेरो. ‘पार्लारो’ ही चूक फार दिसते. दारे, फारे, स्तारे यांचा ‘आ’ मात्र तसाच राहतो: दारो, फारो, स्तारो.

बोलताना गोंधळ होतो तो जोराचा. आबितारेचं ‘ते’चं रूप आबितानो, आणि त्यात जोर पहिल्या ‘आ’वर पडतो, ‘ता’वर नाही.

एरे गटात प्रत्यय जवळजवळ बिनकामाचे ठरतात, कारण अनियमितपणा धातुसाधितात आहे. स्क्रीवेरेचं स्क्रीत्तो, लेज्जेरेचं लेत्तो, प्रेन्देरेचं प्रेसो, मेत्तेरेचं मेस्सो, क्यूदेरेचं क्यूसो, वेदेरेचं वीस्तो. अशी तीस-चाळीस रूपं तोंडात बसली की नऊही संयुक्त खण हाताशी येतात. पाठांतराचा वेळ इथे घालवा.

‘भूतकाळात सरसकट आवेरे लावा.’

या मुद्द्यावर मराठी माणसाने तरी मान डोलावू नये. ‘मारिया गेली’ आणि ‘मारियाने सफरचंद खाल्लं’ या दोन वाक्यांची घडण वेगळी आहे हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इटालियनमध्येही तसंच: मारिया ए आन्दाता, पण मारिया आ मांज्यातो ला मेला. पहिल्यात एस्सेरे, आणि धातुसाधित मारियाशी जुळतं, म्हणून आन्दाता. दुसऱ्यात आवेरे, आणि मारियाशी काही जुळत नाही. आता सफरचंदांच्या जागी सर्वनाम येऊन क्रियापदाच्या आधी बसू द्या: ले ओ मांज्याते (मी ती खाल्ली). धातुसाधित थेट कर्माशी जुळलं, जसं आपण ‘सफरचंदं? खाल्ली’ म्हणतो.

‘मला पिझ्झा आवडला’चं मि ए प्याचूता ला पीत्सा. इथेही एस्सेरेच, आणि जुळणी पिझ्झाशी. ‘कितीला पडलं?’ म्हणजे क्वान्तो ए कोस्तातो? तेही एस्सेरे. फिनीरेकडे पाहा: ‘काम संपवलं’ म्हणजे ओ फिनीतो इल लावोरो, ‘सिनेमा संपला’ म्हणजे इल फिल्म ए फिनीतो. संपणं आणि संपवणं यांतला फरक मराठी शब्दातच दाखवते, इटालियन तो साहाय्यक क्रियापदातून दाखवते.

पण मराठीचा हात कुठे सोडायचा तेही ठाऊक हवं. चाललो, नाचलो, झोपलो, हसलो, रडलो ही आपल्याकडे ‘गेलो’सारखी अकर्मक आहेत. इटालियनमध्ये ही सगळी आवेरे घेतात: ओ काम्मिनातो, ओ बाल्लातो, ओ दोर्मीतो, ओ रीसो, ओ प्यान्तो. एस्सेरे लागतं ते जाणं, येणं, पोचणं, निघणं, राहणं, जन्मणं, मरणं, होणं अशांना आणि सगळ्या आत्मवाचक (स्वतःवरच होणारी क्रिया दाखवणाऱ्या) क्रियापदांना. कोर्रेरे दोन्हीकडे जातं: तासभर धावलो तर ओ कोर्सो, धावत घरी गेलो तर सोनो कोर्सो आ काझा.

‘इम्पेर्फेत्तो नाही जमला तरी चालतं.’

सल्ल्यातला सगळ्यात नुकसान करणारा भाग हाच. मुळात हा काळ इटालियनमधला सर्वांत नियमित. पार्लावो, प्रेन्देवो, दोर्मीवो: तिन्ही गटांना तेच शेपूट. खरा अनियमित एकटा एस्सेरे (एरो, एरी, एरा). फारे, दीरे, बेरे यांचे धातू तेवढे लांबतात: फाचेवो, दिचेवो, बेवेवो. तासाभराचं काम.

तो टाळला तर अर्थच बदलतो. लो सापेवो म्हणजे मला माहीत होतं, लो ओ सापूतो म्हणजे मला कळलं. दोवेवो आन्दारे म्हणजे जायचं होतं, गेलो की नाही ते वाक्य सांगत नाही. सोनो दोवूतो आन्दारे म्हणजे जावं लागलं, आणि गेलो. ‘जायचं होतं’ आणि ‘जावं लागलं’ यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. मग इटालियनमध्ये का करावी?

त्यामानाने भविष्याची घाई नसते. ‘उद्या रोमला जातो’ जसं आपण वर्तमानात म्हणतो तसंच तेही म्हणतात: दोमानी वादो आ रोमा. भविष्याचा बोलण्यातला मोठा उपयोग अंदाजाचा आहे: सारा आ काझा, म्हणजे घरी असेल.

‘पास्सातो रेमोतो मेलेला आहे.’

उत्तर इटलीच्या बोलण्यात तो जवळजवळ ऐकू येत नाही, हे खरं. पण तोस्काना आणि दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, आणि लिखाणात तर सगळ्या देशभर. कवी दान्ते नाक्क्वे आ फिरेन्झे (फ्लोरेन्सला जन्मला) 1265 मध्ये, मोरी आ रावेन्ना (रावेन्नाला वारला) 1321 मध्ये: चरित्र, इतिहास, कथा, संग्रहालयातली पाटी, सगळीकडे हेच. नाक्क्वे पाहून ते नाशेरेचं रूप आहे हे कळलं नाही तर शब्दकोशही उपयोगी पडत नाही.

बोलायचा नसेल तर फक्त ओळखायला शिका. एरे गटात बहुतेकांचा साचा एकच: मी, तो आणि ते ही तीन रूपं वाकडी, बाकी तीन सरळ. प्रेसी, प्रेसे, प्रेसेरो वाकडी. प्रेन्देस्ती, प्रेन्देम्मो, प्रेन्देस्ते सरळ. वाचनासाठी फू, एब्बे, फेचे, दिस्से, वीदे, वेन्ने, वोल्ले, सेप्पे ही ‘तो’ची रूपं आधी घ्या.

‘कोंजुन्तीवो इटालियन लोक स्वतःच बोलत नाहीत.’

यात अर्धं सत्य आहे. ‘मला वाटतं की’ या अर्थाच्या पेन्सो के नंतर सिया (कोंजुन्तीवो) ऐवजी ए (साधा वर्तमान) सर्रास ऐकू येतं. पण तिथून ‘कोंजुन्तीवो नाहीच’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

सरकारी कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहून पाहा. शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला राहण्याच्या परवान्यासाठी क्वेस्तूरात, म्हणजे पोलिस मुख्यालयात, जावंच लागतं. आतला कर्मचारी म्हणतो: आस्पेत्ती. फिर्मी क्वी. मि दीया इल पास्सापोर्तो. (थांबा. इथे सही करा. मला पासपोर्ट द्या.) तीन काळ शिकलेला विद्यार्थी आस्पेत्ती ऐकून ‘तू थांबतोस’ असा अर्थ लावतो आणि बुचकळ्यात पडतो. ते आदरार्थी ‘लेइ’चं रूप आहे, आणि लेइची आज्ञा हा शुद्ध कोंजुन्तीवो असतो. स्कूझी, सेन्ता, मि दीका, वेन्गा, सि आक्कोमोदी ही सगळी त्यातलीच. आपल्याकडे ‘ये, बस’ आणि ‘आपण यावं, बसावं’ यांत जो फरक, तोच इथे. आदर दाखवायला मराठीही विध्यर्थाकडेच वळते. ओळखायची खूण म्हणजे स्वरांची अदलाबदल: आरे गटात तूला पार्ला, लेइला पार्ली, एरे आणि इरे गटांत तूला प्रेन्दी, लेइला प्रेन्दा.

‘तू यावंस अशी माझी इच्छा आहे’ म्हणजे वोल्यो के तू वेन्गा. इथे वोल्यो के तू व्येनी म्हटलं तर कानाला खटकतं. शिवाय मी, तू, तो या तिघांचं रूप एकच असल्यामुळे इथे ‘तू’ हे सर्वनाम गाळू नये.

आता जरतरची वाक्यं. ‘वेळ असता तर आलो असतो’ यात मराठी दोन्हीकडे ‘असता, असतो’ वापरते. म्हणूनच मराठी विद्यार्थी दोन्हीकडे कोंदित्सियोनाले ठेवून ‘से आव्रेइ तेम्पो, वेर्रेइ’ म्हणतो. ते चूक आहे. ‘से’ (जर) नंतर कोंजुन्तीवो इम्पेर्फेत्तो हवा: से आवेस्सी तेम्पो, वेर्रेइ. मराठी वाक्य आजचं की कालचं ते संदर्भाने कळतं, इटालियनला ते रूपातच सांगावं लागतं. कालचं असेल तर से आवेस्सी आवूतो तेम्पो, सारेइ वेनूतो. बोलीत दोन्हीकडे इम्पेर्फेत्तो टाकून ‘से लो सापेवो नोन वेनीवो’ (माहीत असतं तर आलो नसतो) असंही ऐकू येतं, पण ते परीक्षेत लिहू नये.

रूपं बनवणं तक्त्याच्या भीतीइतकं कठीण नाही. कोंजुन्तीवो वर्तमान ‘मी’च्या रूपावरून निघतो: वेन्गो, वेन्गा, दीको, दीका, फाच्च्यो, फाच्च्या. वेगळे पाठ करायचे ते मुख्यतः सिया, आब्ब्या, साप्प्या, दीया, स्तीया. कोंजुन्तीवो इम्पेर्फेत्तो हा इम्पेर्फेत्तोच्या धातूवरून: फाचेवो, फाचेस्सी; दिचेवो, दिचेस्सी. अपवाद फोस्सी, देस्सी, स्तेस्सी. कोंदित्सियोनालेचा धातू भविष्याचाच: वेर्रो, वेर्रेइ, वोर्रो, वोर्रेइ, आन्द्रो, आन्द्रेइ. तिथे एक जागा जपा: पार्लेरेमो म्हणजे बोलू, पार्लेरेम्मो म्हणजे बोललो असतो. फरक एका जोडाक्षराचा. ‘पका’ आणि ‘पक्का’ वेगळे ऐकणाऱ्या कानाला तो अवघड नाही, फक्त म्हणताना ‘म्म’वर क्षणभर थांबावं लागतं.

क्रम असा ठेवा: बारा-पंधरा अनियमित क्रियापदांचा वर्तमानकाळ, मग धातुसाधितं साहाय्यकासकट (‘आन्दातो’ नव्हे, ‘सोनो आन्दातो’ असंच लिहा), लगेच इम्पेर्फेत्तो, त्यानंतर लेइची आज्ञा, मग भविष्य आणि कोंदित्सियोनाले एकत्र, आणि शेवटी कोंजुन्तीवोचे दोन साधे काळ. रोज एकच क्रियापद घ्या. आज वेनीरे: येतो, आलो, यायचो, यावं, आलो असतो ही पाच मराठी रूपं वहीत उभी लिहा आणि प्रत्येकासमोर एकेक पूर्ण इटालियन वाक्य.