भोंगा जुना झाला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा नमस्कार. उत्तराला आठ दिवस लागले, सोयाबीनवर फवारणी चालू होती आणि त्यात तीन दिवस लाइटच नव्हती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मागच्या लेखात मी लिहिलं होतं की औसा तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही हवामानाचा अंदाज मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून सांगतो आणि पारावरच्या फळ्यावर लिहितो. त्यावर तुम्ही म्हणालात की आता पोराटोरांच्या हातात स्मार्टफोन आहे, नेट स्वस्त आहे, पायलीचे पन्नास ॲप आहेत, आणि तुम्ही अजून दवंडीच्या काळात, हे शेतकऱ्याला मागास समजणं झालं. वर एक टोमणा, की नुसती माहिती देऊन मालाला भाव मिळत नसतो.

टोमण्याकडं शेवटी येतो, त्यात दम आहे.

फोन आहे हो, घरोघरी आहे, पण कोणाच्या खिशात? खुरपणी, कापणी, वेचणीला रानात बाया जास्त, आणि घरातला एकुलता एक मोठा फोन मालकाकडं नाहीतर पोराकडं, तो औशाला गेला की फोनबी औशाला. आता उद्या पाऊस आहे तर कापून टाकलेलं सोयाबीन आज गोळा करून त्यावर ताडपत्री टाकायची, हे कळायला पाहिजे त्या रानातल्या बाईला. संध्याकाळी सातला धारा काढून झाल्या की भोंगा चालू होतो, तो चुलीपुढं बसलेलीलाबी ऐकू जातो आणि रिचार्ज संपलेल्यालाबी. खर्च विचाराल तर शून्य, ॲम्प्लिफायर भजनी मंडळाचा, माइक हरिनाम सप्ताहातला (त्याला रुमाल गुंडाळावा लागतो, नाहीतर असा कुईं करतो की कुत्री भुंकायला लागतात).

पण खरी गंमत भोंग्यात नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हवामान पत्रक दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतं, पाच दिवसांचा अंदाज, मराठीत, मोबाईलवर. चांगलं असतं, मी त्याला नावं ठेवत नाही. त्यात वाक्य असतं, 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता'. पहिल्या वर्षी जूनमध्ये मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. लोकांनी त्यातला 'पाऊस' तेवढा ऐकला, चार-पाच जणांनी दुसऱ्या दिवशी तिफण जुंपली, पाऊस शेजारच्या शिवारात पडून गेला आणि आमच्याकडं पंधरा दिवस खंड. दुबार पेरणी. आमचे एक चुलते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, बोलले तेव्हा एवढंच, "तुज्या भोंग्यानं माज्या तीन बॅगा खाल्ल्या." चूक माझी होती, भोंग्याची नाही आन पत्रकाचीबी नाही.

मग शोधल्यावर कळलं की हवामान खात्याच्या भाषेत या शब्दांना माप आहे. तुरळक म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी, काही ठिकाणी म्हणजे २६ ते ५० टक्के. आता आम्ही भोंग्यावर सांगतो, "चार गावं धरली तर एखाद्या गावात पडंल, ते आपलंच असंल असं नाही, तिफणीला हात लावू नका." आणि पाराजवळ सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा उघड्यावर ठेवलाय, रोज सकाळी शाळेतली दोन पोरं त्यात पट्टी घालून पाणी मोजतात आणि फळ्यावर आजचा पाऊस आणि मृगापासूनची बेरीज लिहितात. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये असं सगळे सांगतात, पण आपल्या शिवारात किती झाला हे कुठलं ॲप सांगतंय? डबा सांगतो. आता म्हाताऱ्या येऊन विचारतात, "किती झालं रे लेकरा, पाऊस येलालाय का अजून?" आणि चुकलं तर मला पारावर गाठून शिव्याबी देता येतात, ॲपला कुठं गाठणार!

आणि हे काय माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. स्वामिनाथन फाउंडेशननं १९९८ च्या सुमारास पुद्दुचेरीकडच्या खेड्यांत माहिती केंद्रं काढली होती, तिथं वीरमपट्टिनमला अमेरिकेच्या नौदलाच्या वेबसाइटवरून समुद्रातल्या लाटांची उंची उतरवून घ्यायचे आणि कोळ्यांना भोंग्यावरून ऐकवायचे. इंटरनेट होतंच की त्यात, शेवटच्या टप्प्याला फक्त भोंगा होता. आपल्याकडं वारणानगरला त्याच साली गावोगाव कॉम्प्युटरची केंद्रं झाली, उसाचं वजन, खताचा हिशोब बघायला, आणि पुढं २००६-०७ ला काही गावांत कॉम्प्युटर काढून तेच काम साध्या फोनच्या एसएमएसवर करून बघितलं. म्हणजे महागड्या यंत्राकडून स्वस्ताकडं जाणं हे मागासपण नाही ना दादा, काम तेच होत असंल तर.

व्हॉट्सॲप ग्रुपबी आहे आमचा, नाही असं नाही. पण त्यात शुभ सकाळ, कोणाच्यातरी वाढदिवसाचा बॅनर, आणि कुठूनतरी आलेला 'चार औषधं एकत्र मारा' असला मेसेज. तो वाचून एकानं अर्धा एकर सोयाबीन करपवून घेतलं. तेव्हापासून औषधाचं काही विचारायचं असंल तर मी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकटचा नंबर देतो, २००४ पासून चालू आहे, बटनाच्या फोनवरूनबी लागतो, मराठीत बोलतात.

आता भाव. इथं तुम्ही बरोबर आहात आणि मी लेखात जरा हवेत गेलो होतो. २००७ ला रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा महाराष्ट्रातच सुरू झाली, बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला एसएमएसवर. दोन अर्थतज्ज्ञांनी १०० गावांत तपासून २०१२ ला छापलं, की ज्यांना मेसेज जात होते त्यांना हाती आलेल्या भावात म्हणावा असा फरक पडला नाही. मला ते वाचून नवल वाटलं नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, गावातल्या शेंबड्या पोराला पाठ होता, लातूरच्या अडतीत काय चालू आहे तेबी रोज फळ्यावर होतं, तरी लोकांनी हमीभावाच्या खालीच माल घातला. खत-बियाण्याची उधारी डोक्यावर, तोंडावर दिवाळी, आणि खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर नको. (१५ चालेल म्हणाले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.) मी स्वतः आठ कट्टे त्याच भावात घातले, भाव माहीत असून.

म्हणून 'भाव कळला की शेतकरी लुटला जात नाही' हे मागच्या लेखातलं वाक्य आज काढून टाकलंय. भोंग्याचं मात्र सगळं तसंच ठेवलंय. तुम्ही पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहात म्हणता, तर एक काम करता आलं तर बघा, मंगळवार-शुक्रवारचं पत्रक तालुक्यापुरतं आवाजात करून छोट्या फाईलमध्ये पाठवता येईल का, वाचून वाचून माझा घसा बसलाय. फक्त त्यात 'तुरळक' शब्द नको.