घरं मोजणारी पोरं घरकुलवाली नाहीत

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतंय : "टेप घेऊन आलेल्या पोरांनी घर मोजलं की घरकुलाच्या यादीतून नाव कटते." साफ खोटं. ही वास्तुकलेच्या पदव्युत्तर वर्गाची (एम.आर्क.) मुलं आहेत. ५ वर्षांच्या बी.आर्क. या पदवीनंतरचा हा २ वर्षांचा अभ्यास, आणि स्टुडिओ, म्हणजे हातानं काम करून शिकायचा तास, हा त्याचा कणा. तिथं पाठांतर नसतं. खरी जागा मोजायची, नकाशा नि मॉडेल करायचं, शिक्षकांसमोर मांडायचं, चुका ऐकायच्या, पुन्हा काढायचं. म्हणूनच कुडाची भिंत किती जाड, मे महिन्यात कवेलूखाली किती तापतं, बैल कुठं बांधता, असलं विचारत बसतात. (आमच्या आजीनं त्यांना तासभर नुसती चूलच समजावली.)

घरकुलाच्या यादीची पडताळणी ग्रामसभेत होते, यांच्या वहीत नाही. आधार, बँकेचं पासबुक त्यांना लागत नाही; देऊही नका.

दुसरी अफवा उलट टोकाची : पोरांनी नकाशा काढला म्हणजे बांधकामाची परवानगी मिळाली. नाही. तो अभ्यासाचा कागद आहे, त्यावर पाया खोदू नका.

आणि एम.आर्क.शिवाय आर्किटेक्ट होता येत नाही, हेही चूक. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार नोंदणीला मान्यताप्राप्त बी.आर्क. पुरते.