टक्कल घालवायचंय? डॉक्टर सोडून सगळ्यांना भेटा

गेल्या आठवड्यात एका ठिकाणी माझं ‘मोफत हेअर अ‍ॅनालिसिस’ झालं. पांढऱ्या कोटातल्या ‘काउन्सेलर’ने टाळूवर कॅमेरा टेकवला, तोंडाने ‘चक् चक्’ केलं आणि मोबाइलच्या हप्त्यासारखा हप्ता काढून दिला. ‘आजच्या आज सही केलीत तर तीस टक्के सूट.’ शिक्षण विचारलं, तर ‘सर आत आहेत’. सर काही बाहेर आले नाहीत. तेव्हा केस गळणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमचंही असंच भलं व्हावं म्हणून हा सल्ला.

सर्वांत आधी, कारण शोधू नका. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट झालं की दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी गळतात आणि बहुतेकांची गळती सहाएक महिन्यांत आपणहून थांबते. म्हणून गळती ऐन भरात असतानाच पॅकेज घ्या. थांबायची ती थांबेलच, श्रेय क्लिनिकला जाईल. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड) तपासू नका. उगाच लोहाच्या स्वस्त गोळ्यांवर भागायचं.

केसांसाठी म्हणून विकलं जाणारं बायोटिन हे जीवनसत्त्व मात्र मूठमूठ खा आणि रक्त देताना लॅबला सांगू नका. थायरॉइडचा रिपोर्ट चुकवण्याचा हा सोपा मार्ग आहे.

चाई पडली? लसूण चोळा. फोड आले की समजा, गुण येतोय.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवायचं औषध पुरुषांनी ५ टक्क्यांचं, १ मिली, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या टाळूच्या कातडीला लावायचं असतं. तुम्ही ओल्या केसांवर फवारा आणि लगेच उशीवर डोकं टेका, म्हणजे कपाळावरही लव उगवेल. पहिल्या दीड-दोन महिन्यांत जुने केस जास्त गळतात, कारण नवे त्यांना ढकलत असतात. बरोब्बर तेव्हाच घाबरून बाटली फेका. चुकून चौथ्या-पाचव्या महिन्यात फरक दिसलाच, तर ‘आता झालं’ म्हणून बंद करा. कमावलेलं काही महिन्यांत परत जाईल.

फिनास्टेराइड ही पुरुषांच्या टकलावरची गोळी, १ मिलिग्रॅम, मित्राच्या सांगण्यावरून सुरू करा. कामेच्छा कमी होऊ शकते, मन खचू शकतं, प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीत आकडा जवळपास निम्मा दिसतो; पण मित्राला हे कुठे माहीत असतं? गोळीचा चुरा गरोदर बायकोच्या हाताला लागू देऊ नये, हेही तो सांगत नाही.

टक्कल झाकायची भुकटी, म्हणजे केराटिनचे फायबर, जुलैच्या पावसात लावून लोकल पकडा.

टकलावर बसवायचा केसांचा पॅच क्लिपवालाच घ्या. रोज त्याच जागी ओढ बसून कडेचे उरलेसुरले केसही जातात, मग मोठा पॅच घेता येतो.

आणि शिबिरं चुकवू नका. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टकलावरच्या फुकट तेलाने लोक डोळे सुजवून दवाखान्यात पोचले होते.

आता ट्रान्सप्लांट. ‘अनलिमिटेड ग्राफ्ट’ची जाहिरात बघूनच जा. डोक्याच्या मागच्या बाजूने आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे पुंजके, निघतात, एकात सरासरी दोन केस. मग अनलिमिटेड येणार कुठून, शेजाऱ्याच्या डोक्यातून? पंचविसाव्या वर्षी कपाळावर खाली रेघ आखून घ्या. त्या रेघेमागचे तुमचे मूळ केस वयाबरोबर गळतच राहतील आणि समोर नुसतं बेट उरेल. ग्राफ्ट काढायच्या पंचचा (बारीक नळीसारख्या पात्याचा) कोन चुकला की मूळ कापलं जातं, ग्राफ्ट थंड सलाइनऐवजी कोरड्या गॉजवर राहिले की मरतात. आणि हे सगळं करतं कोण? दोन महिने ‘शिकलेला’ मुलगा! अहो, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलंय की यूट्यूब किंवा कार्यशाळा बघून हे करता येत नाही, त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण लागतं. २०१९ मध्ये मुंबईत एका बैठकीत नऊ हजारांवर ग्राफ्ट लावून घेतलेला माणूस दोन-अडीच दिवसांत गेला. भुलीच्या इंजेक्शनलाही मर्यादा असते, वजनावर ठरते. ती कुणी मोजायची, काउन्सेलरने?

पुरे झालं सोंग. औषधं नियमांच्या शेड्यूल ‘जे’मध्ये टक्कल आहे, ते बरं करण्याचा दावा औषधाला करताच येत नाही, तरी फलक चौकाचौकात झळकतात आणि अन्न व औषध प्रशासन खालून गाड्या नेतं. तुम्हीही कमी नाही. टीव्ही घेताना दहा दुकानं फिरता, आणि डोक्यात हजारो भोकं पाडणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजता? आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ट्रान्सप्लांटला गेलातच, तर चिरा कोण देणार ते लेखी मागा. ‘आमची टीम’ असं उत्तर आलं, तर चप्पल घाला आणि घरी या.