ओव्हनला क्लास कळत नाही

बिझनेस क्लासमध्ये जेवणाआधी मेनूकार्ड येतं. जाड कागद, नक्षीदार अक्षरं आणि पदार्थांच्या नावात विशेषणांची खिरापत. 'मंद आचेवर शिजवलेलं', 'तव्यावर हलकेच परतलेलं'. या आचेबद्दल मला फार कुतूहल आहे, कारण विमानाच्या गॅलीत, म्हणजे तिथल्या चिमुकल्या स्वयंपाकघरात, आच नसतेच, आणि तवाही नसतो. असतो तो पंख्याने गरम हवा फिरवणारा ओव्हन, नशीब चांगलं असेल तर वाफेची सोय असलेला. जे काही शिजायचं ते जमिनीवर कित्येक तास आधी शिजलेलं असतं. मग ते झपाट्याने थंड करून 5 अंशांच्या आसपास ठेवतात, ट्रॉलीत भरतात आणि वर नेऊन पुन्हा तापवतात. मागच्या डब्यातल्या जनतेचंही हेच होतं. पुढच्यांना बशी चिनी मातीची मिळते आणि रुमाल कापडी, एवढाच फरक. काही कंपन्या पांढऱ्या टोपीचा शेफसुद्धा विमानात चढवतात. तोही बिचारा शेवटी त्याच ओव्हनची बटणं दाबतो.

इथे स्टेक (मांसाचा जाड तुकडा) 'मीडियम रेअर', म्हणजे आतून जरा कच्चा, मागणाऱ्यांच्या आशावादाला माझा नमस्कार. मांसाला खालीच बाहेरून रंग आणून आतून कच्चट ठेवलेलं असतं, पुढचं काम ओव्हनने करायचं. पण ओव्हनमध्ये तुमची एकट्याची बशी नसते. स्टेक, मासा, पास्ता सगळे एकाच तापमानाला पंधरा-वीस मिनिटं एकत्र नांदतात. बाहेर काढल्यावर फॉइल सोलायचं, फोटो बघून सजावट करायची (हो, कुठली वस्तू बशीत कुठे ठेवायची याचे फोटो केबिन क्रूकडे असतात) आणि एकेक बशी न्यायची. तोवर फॉइलखाली स्टेक स्वतःच्याच उष्णतेने शिजत राहतो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचताना त्याची चप्पल झालेली असते.

कोंबडीचं दुःख वेगळं. ती कच्चट ठेवायची सोयच नाही. खाली पूर्ण शिजवायची, वर पुन्हा तापवायची. छातीच्या मांसात चरबी जेमतेम, त्यामुळे दुसऱ्या फेरीत उरलंसुरलं पाणीही निघून जातं आणि हातात भुसा येतो. मांडीचं मांस मात्र तगतं. भात गार झाला की त्यातला स्टार्च आखडतो, म्हणून कडेचा भात टणक आणि मधला गार. तळलेल्या पदार्थाचा कुरकुरीतपणा फॉइलखालच्या वाफेत जातो, आणि हिरव्या भाज्या लष्करी गणवेशाच्या रंगाच्या होतात.

बरं, जेवण चांगलं असलं तरी जीभ जागेवर नसते. केबिनमधला हवेचा दाब साधारण 6000 ते 8000 फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा, आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली. नाक कोरडं पडतं, आणि चवीचा मोठा भाग नाकाच्या हातात असतो. त्यात इंजिनाची घरघर. कॉर्नेल विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात अशा आवाजात गोड चव मंदावलेली आणि उमामी (टोमॅटो, मशरूम, मांसात असते ती खमंग चव) वाढलेली आढळली. जमिनीवर टोमॅटोच्या रसाकडे ढुंकूनही न बघणारी माणसं वर तो चवीने पितात, त्यामागे हेही असावं. चहाचं काय सांगावं! त्या दाबाला पाणी 92-94 अंशांनाच उकळतं. काळा चहा त्यात नीट उतरत नाही, त्याचा फक्त रंग बदलतो.

म्हणून मेनूकार्डातली विशेषणं सोडा आणि एकच बघा: हा पदार्थ दुसऱ्यांदा तापवला तर टिकेल का? भरपूर रस्सा असलेलं, हाडासकट तासन्‌तास शिजवलेलं मांस टिकतं, डाळी-कडधान्यं टिकतात, जाड सॉसमध्ये बुडालेला पास्ता बऱ्यापैकी टिकतो. माशाचा पातळ तुकडा, ऑम्लेट आणि 'कुरकुरीत' म्हणवणारं काहीही टिकत नाही. सुरुवातीची थंड डिश बहुधा मुख्य जेवणापेक्षा सरस असते, कारण ती ओव्हनच्या तावडीतून सुटलेली असते. पोट तिच्यावरच भरा. वाइन तुरट घेऊ नका, कोरड्या तोंडात तुरटपणा जास्तच टोचतो. फळांच्या चवीची बरी.

आणखी एक. कंपनीच्या नावावर भुलू नका, निघण्याचं शहर बघा. एकच कंपनी जाताना छान जेवू घालते आणि येताना रडवते, कारण परतीचं जेवण बहुधा त्या गावच्या कंत्राटी किचनमधून चढतं. शिवाय प्रत्येक पदार्थाच्या बश्या मोजूनच चढवलेल्या असतात. तुमची पाळी शेवटी आली, तर 'निवड' म्हणजे जे उरलं ते. ऑनलाइन आगाऊ मागणीची सोय असेल तर ती वापरा, आणि साधारण आदल्या दिवसापर्यंतच वापरा. नंतर खिडकी बंद.

रात्रीच्या सहा-सात तासांच्या उड्डाणात तर जेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टेबलक्लॉथ, सूप, मुख्य पदार्थ, चीज, गोड असा सोहळा दीड-दोन तास चालतो. आडवं व्हायला पैसे मोजायचे आणि झोपेच्या वेळी चीज येईल म्हणून ताटकळायचं! ते येतं तेही थेट थंड ट्रॉलीतून, दगडासारखं. वीस मिनिटं ठेवलं तर चव येते, पण पंधराव्या मिनिटाला कुणीतरी हसतमुखाने 'झालं ना?' म्हणत बशी उचलून नेतं. विमानतळावरच्या लाउंजमध्ये जेवा, किंवा सगळं एकाच ट्रेमध्ये मागून मोकळे व्हा.

विमान उतरण्याच्या दीड-दोन तास आधी नाश्त्यासाठी दिवे लागतात. झोपण्यापूर्वीच 'उठवू नका' असं सांगून ठेवा. अंड्यातली प्रथिनं ओव्हनमध्ये आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात, म्हणून बशीत वातड ऑम्लेट आणि त्याखाली तळं असं दृश्य असतं. त्यासाठी तुमच्या हजेरीची काही गरज नाही.