शरबतीच्या पिठाला दोष देऊ नका

नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक निरोप फिरतोय. इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगरकडच्या मराठी मंडळींनीही तो भरपूर पुढे ढकललाय. त्यात म्हटलंय की यीस्ट हे रसायन आहे, ते पोटात गेल्यावरही फुगत राहतं. आपल्या चक्कीच्या पिठाचा ब्रेड होत नाही, वीट होते. शिवाय महागडा ओव्हन हवा. तेव्हा घरचे उद्योग सोडा आणि बाजारातून ब्राऊन ब्रेड आणा, तो गव्हाचा आणि पौष्टिक असतो.

यीस्टचं पटकन उरकू. ती एकपेशीय बुरशी आहे, जिवंत. साधारण ६० अंश सेल्सियसला मरते, आणि भाजलेल्या ब्रेडचा गाभा ९५ अंशांच्या आसपास पोचलेला असतो. पोटात फुगायला उरतं कोण? पारंपरिक जिलबीचं पीठही हवेतल्या-पिठातल्या यीस्टनं आणि जिवाणूंनीच आंबतं. रोज सकाळी पोह्यांबरोबर जिलबी हाणणाऱ्या इंदूरकरानं खमिराला भ्यावं, म्हणजे कमाल झाली.

खरा मुद्दा पिठाचा. वीट होते हे खरं, पण का होते हे त्या निरोपात कुठेच नाही. बहुतेक जण मैद्याची कृती उचलतात आणि मैद्याऐवजी तेवढीच कणीक घालतात. चक्कीच्या दगडांखाली दाणा दाबाखाली भरडला जातो, स्टार्चचे कण फुटतात आणि जास्त पाणी ओढतात. कोंडाही पाणी पितो, वर त्याच्या कडा ग्लुटेनचे, म्हणजे पिठाला ताण देणाऱ्या प्रथिनाचे, तंतू तोडतात. मैद्याला १०० ग्रॅममागे ६०-६५ ग्रॅम पाणी पुरतं, कणकेला ७५-८० लागतं. ३०० ग्रॅम कणकेला सव्वादोनशे ते २४० मिली पाणी, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, चमचाभर मीठ. पीठ हाताला चिकटेल, चिकटू द्या. आधी फक्त पीठ-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा, यीस्ट-मीठ मागाहून. रेमों काल्वेल या फ्रेंच पाव-तज्ज्ञानं १९७४ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली, पण मळलेली कणीक झाकून ठेवायला आपल्या आज्यांना कुणी फ्रेंच माणसानं शिकवलं नव्हतं.

गहू मात्र बघून घ्या. छावणीच्या मंडीत शरबती, लोकवन, पूर्णा हे पोळीचे गहू मिळतात, त्यांचा ब्रेड बरा होतो. मालवराज हा ड्युरम, म्हणजे कडक दाण्याचा गहू. त्याचं ग्लुटेन ताणलं जाण्याऐवजी तुटतं. बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजायच्या बाट्यांना, तो उत्तम, ब्रेडला नको. आणि हेही कबूल करायला हवं की निव्वळ कणकेचा ब्रेड मैद्यासारखा कापूस होणार नाही. तो जड, दाणेदार, गव्हाच्या चवीचा होतो. मला तोच आवडतो. ज्यांना हलका हवा त्यांनी निम्मा मैदा घालावा, पाप लागत नाही.

विटेचं दुसरं कारण आपला उन्हाळा. कृतीत 'दोन तास फुगू द्या' लिहिलेलं असतं ते २४-२५ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी. मे महिन्यात बाहेर चाळिशी ओलांडलेली असताना तेच पीठ तासाच्या आत फुगून जातं. उरलेल्या वेळात ते आंबट होतं, ग्लुटेन ढिलं पडतं आणि भाजताना ब्रेड बसतो. दोष मात्र गव्हाला! थंड पाणी घ्या, यीस्ट निम्मं करा, पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. घड्याळाकडे बघू नका, बोटानं दाबा: खळगा सावकाश भरून आला की भाजायला घ्या.

ओव्हन हवाच असं नाही. माळव्यात कितीतरी घरी गॅसवर ठेवायचा बाटी ओव्हन असतो, त्यात छोटे पाव छान भाजतात. जाड बुडाची झाकणाची कढईही चालते. कुकर वापरलात तर रबर आणि शिट्टी काढून. वरून रंग कमी येतो एवढंच. आणि गार होईपर्यंत कापू नका, आत चिकट लागेल.

राहिला ब्राऊन ब्रेड. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचा नियम आहे. पाकीट उलटं करून वाचा. पहिलं नाव मैद्याचं असेल आणि खाली कॅरॅमल रंग दिसला, तर तपकिरीपणा कुठून आला ते कळेल. 'रसायन' म्हणून यीस्टला घाबरवणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं: पोटॅशियम ब्रोमेट हे ब्रेड फुगवायला मदत करणारं रसायन २०१६ पर्यंत आपल्याकडे बाजारच्या ब्रेडमध्ये घालायची परवानगी होती, त्या वर्षी ती काढून घेतली. घरच्या कणकेत ते कधी नव्हतंच.