हात मांडीवर ठेवा, काका
वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी विमान चालवायला शिकणार असल्याचे घरात जाहीर केले, तेव्हा आईने अहिराणीत एकच प्रश्न विचारला, "भाऊ, तुन्हं डोकं फिरनं का?" पत्नीने काहीच विचारले नाही, ती विम्याचे कागद शोधू लागली.

खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान वय १७ वर्षे आणि उड्डाणाचे किमान ४० तास लागतात. कमाल वयाबद्दल नियम गप्प आहेत, आणि त्या मौनाचा अर्थ संमती असा घेऊन, डोळे, कान व रक्तदाब यांच्या तपासण्या पार करून मी धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवर हजर झालो. माझा प्रशिक्षक माझ्या कमरेच्या पट्ट्याहून वयाने लहान होता. मी त्याला 'सर' म्हणायचो आणि तो मला 'काका'. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "काका, वजन किती?" सेस्ना १५२ हे विमान, त्यातले इंधन आणि आत बसलेली दोन माणसे मिळून ७५७ किलोंच्या वर जाता कामा नये. आदल्या रात्री भरीत आणि कळण्याच्या भाकरीला न्याय देऊन आलेल्या माणसाला हे विचारणे क्रूरपणाचे होते. मी नव्वद म्हणालो. त्याने नुसते पाहिल्यावर चौऱ्याण्णव म्हणालो. आत बसल्यावर आमचे खांदे असे भिडले, की अमळनेरच्या एसटीत तिघांच्या बाकावर चौथा बसल्याची आठवण झाली.

खरा घात मात्र जमिनीवरच झाला. वैमानिकासमोर मोटारीच्या चाकासारखे काहीतरी असते, पण धावपट्टीकडे जाताना ते कितीही फिरवले तरी विमान वळत नाही. जमिनीवर त्याला वळवतात ते पाय, आणि ब्रेकही त्याच पायपट्ट्यांच्या वरच्या टोकाला असतात. चाळीस वर्षे ट्रॅक्टर आणि जीप हाकलेल्या माझ्या हातांना हे पटेना. विमान डावीकडे सरकले की हात चाक उजवीकडे फिरवायचे, पाय संकोचून बसायचे आणि पांढरी रेघ आमच्यापासून दूर जायची. "काका, हात मांडीवर ठेवा," असे सर सात वेळा म्हणाले. आमची नागमोडी चाल पाहून कडेला गवत कापणारी बाई विळा थांबवून उभी राहिली.

धडे सकाळी साडेसहाला असत, कारण मे महिन्यात आमच्याकडची माणसे बाहेरगावी जातात तशी हवाही जाते. तापून विरळ झालेल्या हवेत पंखांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात, त्यामुळे धावपट्टीवर अधिक पळावे लागते. त्यात माझे चौऱ्याण्णव. तरीही वेग ५० नॉट झाल्यावर हातातले चाक ओढताच नाक उचलले गेले आणि हजार फुटांवरून लळिंगचा किल्ला, मुंबई-आग्रा रस्ता आणि पांझरेचे कोरडे पात्र एका नजरेत आले. तिथे माझे हात कामाचे ठरले, म्हणून मी सरांकडे विजयी मुद्रेने पाहिले. "पुढे बघा," सर म्हणाले.

उतरताना नजर धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर ठेवायची असते. मी ती चाकाखाली येणाऱ्या डांबरावर ठेवली, घाबरून हातातले चाक लवकर ओढले आणि विमान पुन्हा वर गेले. वेग मेला, इशाऱ्याचा भोंगा दम लागलेल्या सनईसारखा वाजू लागला आणि आम्ही आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो. माझ्या हिशेबाने त्या फेरीत मी दोनदा उतरलो होतो. नोंदवहीत सरांनी एकच लिहिले.

आठवडाभरात पाय शहाणे झाले. रेघ सुटेना, सर गप्प बसू लागले. त्या आनंदात, मला न्यायला आलेल्या पत्नीला बाजूला बसवून मी गाडी हाती घेतली. देवपुरात डावीकडे वळायचे होते म्हणून हात मांडीवर ठेवून डावा पाय ठामपणे दाबला. क्लच दबला आणि गाडी सरळ चहाच्या टपरीकडे निघाली.

"अहो, हातांनी वळवा!" पत्नी ओरडली.