खंड्याचं घराणं

आमच्या खंड्याची आई लॅब्रॅडॉर. बी विंगमधली, कागदपत्रांसकट. वडिलांबद्दल सोसायटीत कोणी बोलत नाही. पण मेडिकलच्या पायरीवर दिवसभर पसरलेल्या एका तांबूस कुत्र्याचा डावा कान खंड्यासारखाच दुमडलेला आहे, एवढं सांगून मी थांबतो.

खंड्या पायाशी शहाण्यासारखा बसला की ही म्हणते, "आईवर गेलाय." कुरियरवाल्यावर धावला की, "बापाचं रक्त, दुसरं काय!" मुलांच्या बाबतीत ही वाटणी आमच्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच झालेली असल्यामुळे मला बोलायला तोंड नव्हतं.

सकाळी फिरायला नेलं की काकूंचा ठरलेला प्रश्न, "कोणती ब्रीड?" त्यांच्या कडेवर पांढरं, केसाळ 'पामेरियन'. आपल्याकडची बरीचशी पामेरियन खरं तर इंडियन स्पिट्झ असतात. हे मी एकदा काकूंना सांगितलं. तेव्हापासून त्या जिन्याने जातात.

शेवटी शास्त्राला शरण गेलो. अमेरिकेत १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची पाहणी झाली, ती २०२२ साली 'सायन्स'मध्ये आली. कुत्र्याकुत्र्यांच्या स्वभावात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम ९ टक्के ब्रीडमुळे! मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

"मग परवाचं अर्धा किलो श्रीखंड कोणामुळे?" ही.

तेही सापडलं. २०१६ च्या केंब्रिजच्या संशोधनानुसार साधारण दर चार लॅब्रॅडॉरांमागे एकाच्या एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशी कुत्री खाण्यामागे जास्तच लागतात. म्हणजे श्रीखंड आईकडून! कुलीन घराण्यातून! मेडिकलपुढच्या त्या गरीब जिवाला मी संध्याकाळी पारले-जीचा पुडा नेऊन दिला.

हिने हार मानली नाही. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या गारठ्यात, समुद्रात उड्या मारून कोळ्यांना मदत करायचे, हे तिलाही कुठून तरी कळलं होतं. "पाण्यात सोडा, आई दिसेल." खंड्या हे नाव तिनेच त्या पाण्यात सूर मारणाऱ्या पक्ष्यावरून ठेवलेलं. वास्तविक बादली वाजली तरी हा दिवाणाखाली जातो.

रविवारी खडकवासला. मी काठी पाण्यात फेकली. खंड्याने काठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि 'टाकायचीच होती तर आणली कशाला' अशा चेहऱ्याने खाली बसला. दुसरी फेकताना माझा पाय शेवाळावरून सटकला. मी कमरेपर्यंत पाण्यात, चप्पल माझ्याही पुढे. मदतीला पूर्वजांपैकी कोणी आलं नाही. खंड्या तोवर चौपाटीवरच्या एका कुटुंबाची कांदाभजी, कागदासकट, संपवत होता.

त्या गृहस्थांनी रिकाम्या हाताकडे पाहत विचारलं, "कोणती ब्रीड हो?"

पाण्यातून मी ओरडणार होतो, "९ टक्के..." तेवढ्यात पर्स उघडत ही म्हणाली, "आमच्या यांच्यावर गेलाय. किती झाले भजीचे?"